वार पडल्यानंतरचे तास

माझ्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर बसलेल्या बहुतेक माणसांची साखर वाढलेली असते. मी हार्मोनच्या विकारांची डॉक्टर. थायरॉइडचे, पाळीचे, उंची न वाढणाऱ्या मुलांचेही पेशंट येतात. पण पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात या कामाचा मोठा वाटा मधुमेहाचाच. त्यामुळे आमच्याकडे ज्युनिअर डॉक्टरांपासून कॅन्टीन चालवणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना एकच दिशा ठाऊक असते: साखर खाली आणायची. बाई गरोदर असेल तर जास्तच. भात कमी, गोड बंद, जेवल्यावर चालायचं.

एका मुलीसाठी आम्हाला ही दिशा पूर्ण उलटी करावी लागली. तिची ओळख पटू नये म्हणून मी तिचं नाव, गाव सांगत नाही आणि घरातले काही तपशीलही बदलले आहेत. आजार जसा घडला तसाच सांगते.

ती आली तेव्हा तिला नववा आठवडा चालू होता. सोबत नवरा. उलट्यांनी चेहरा उतरलेला. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं होतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं. दिवस गेल्यावर पहिले तीन महिने असेच जातात. पण ती खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, ते परत आलंय."

कशावरून, असं मी विचारलं. पहाटे ओठांना मुंग्या येतात, समोरचं माणूस बोलतंय ते ऐकू येतं पण अर्थ लागत नाही, असं तिनं सांगितलं. नवऱ्यानं पुढची गोष्ट सांगितली. तीन दिवसांपूर्वी ती पहाटे उठून बसली, पंख्याकडे बघत राहिली, याच्या हाकेला उत्तर देईना. मग विनाकारण हसली. त्यानं घाबरून गोड चहा पाजला, चार बिस्किटं खायला लावली, आणि पंधरा-वीस मिनिटांत ती म्हणाली, "काय झालं? असे का बघताय माझ्याकडं?"

चार वर्षांपूर्वी, लग्नाआधी, तिच्या स्वादुपिंडातली गाठ काढली होती. तेव्हाही ती माझीच पेशंट होती. त्या वेळी माझ्यापर्यंत पोचायच्या आधी तिनं दोन वर्षं फिट्सच्या गोळ्या खाल्ल्या होत्या, आणि अंगात येतं म्हणून तिला देवऋष्याकडेही नेऊन झालं होतं. मी त्या घराला दोष देत नाही. पहाटे उठून असंबद्ध बोलणारी, आणि न्याहारीनंतर शहाण्यासारखी कॉलेजला जाणारी मुलगी बघितली तर कोण काय समजणार?

स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची लहान लहान बेटं असतात. पाउल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्यानं १८६९ मध्ये ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवली. या बेटांतल्या इन्सुलिनच्या पेशींची गाठ झाली की तिला इन्सुलिनोमा म्हणतात. वर्षाला दहा लाखांत एखाद्याला, फार तर चौघांना होणारा हा आजार. दहातल्या नऊ गाठी कर्करोगाच्या नसतात आणि बहुतेक दोन सेंटिमीटरच्या आतच असतात. त्रास होतो तो त्यांच्या कामामुळे. पोट भरलेलं आहे की रिकामं हे न पाहता गाठ इन्सुलिन सोडत राहते, आणि ज्या ग्लुकोजवर मेंदू चालतो ते रक्तातून कमी होत जातं.

हा आजार वैद्यकाला कळला तोही इन्सुलिनचा शोध लागल्यावरच. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं. डोस जास्त झाला की मधुमेही माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्ध पडतो हे डॉक्टरांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत डोळ्यांनी पाहिलं. मग १९२४ मध्ये अलाबामातल्या सील हॅरिस यांनी लिहिलं, की इन्सुलिन कधीच न टोचलेल्या काही माणसांतही हीच लक्षणं दिसतात. त्यांचं शरीरच जास्त इन्सुलिन बनवत असलं पाहिजे. १९२९ मध्ये त्याच टोरोंटोत रॉस्को ग्रॅहम या सर्जननी अशी गाठ काढून पेशंटला बरं केलं. त्याआधी अशी किती माणसं वेडी ठरून गेली असतील, याचा विचार मी अनेकदा करते.

पहिल्या वेळी तिची गाठ स्वादुपिंडाच्या मधल्या भागात होती. सर्जननी ती तेवढीच सोलून काढली. बाकीचं स्वादुपिंड शाबूत राहिलं. अशा शस्त्रक्रियेनंतर बहुतेक माणसं कायमची बरी होतात. मेयो क्लिनिकनं जवळपास साठ वर्षांतल्या २२४ रुग्णांचा हिशेब १९९१ मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यात वीस वर्षांच्या काळात आजार परत येण्याचं प्रमाण सुमारे ७ टक्के होतं. मेन-१ नावाचा आनुवंशिक विकार असलेल्यांत मात्र ते २१ टक्के होतं. तिच्यात मेन-१ची चिन्हं तेव्हाही नव्हती, आताही नव्हती. कॅल्शियम नॉर्मल, पॅराथायरॉइडचं हार्मोन नॉर्मल, घरात कुणाला मुतखड्यांचा लांबलचक इतिहास नाही. पण सात टक्के म्हणजे शून्य नाही, आणि ती त्या सातांतली निघाली.

आता प्रश्न सिद्ध करण्याचा होता. एरवी आम्ही अशा पेशंटला ॲडमिट करून ७२ तासांपर्यंत उपाशी ठेवतो, साखर पडली की त्याच क्षणी रक्त घेतो. गरोदर बाईला असं उपाशी ठेवणं मला मान्य नव्हतं. गरोदरपणात शरीर उपासाला फार लवकर चरबी जाळून उत्तर देतं, कीटोन वाढतात. इथं तर उपासाची गरजही नव्हती. उलट्यांनी ती अर्धी उपाशीच होती. ॲडमिट केल्यावर दुसऱ्या पहाटे सिस्टरनी फोन केला: साखर ३८. ग्लुकोज द्यायच्या आधी, त्याच मिनिटात, रक्त घेतलं. साखर ५५ च्या खाली असताना इन्सुलिन ३ च्या आत दबलेलं असायला हवं. तिचं १४ होतं. सी-पेप्टाइडही चढलेलं, म्हणजे इन्सुलिन बाहेरून आलेलं नव्हतं.

पण हेच चित्र मधुमेहाच्या काही गोळ्यांनीही उमटतं. तिच्या सासूबाईंना मधुमेह होता. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, असं मी नवऱ्याला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन सासूबाई स्वतः आल्या. टेबलावर पाकिटं ओतली आणि म्हणाल्या, "मोजा. एक जरी गोळी कमी भरली तर मला सांगा." आवाज कापत होता. त्यांना ती शंका आपल्यावर आहे असं वाटलं होतं. मी त्यांना जवळ बसवून घेतलं आणि समजावलं. घरात रोज दोन औषधांची अदलाबदल होऊ शकते, डब्या सारख्या दिसतात, प्रत्येक घराला मी हेच विचारते. गोळ्या बरोबर भरल्या. पण त्यांच्या मनातलं खरं दुखणं वेगळंच होतं, ते मग बाहेर पडलं. लग्न जमवताना सासरच्यांना "पोटाचं छोटं ऑपरेशन झालंय" एवढंच सांगितलं होतं. "आम्ही काय मोडलं असतं का लगीन?" त्या म्हणाल्या. "पर पोरीला रात्री काय होतंय ते मला ठावं असतं, तर मी तिला उपाशी निजू दिलं असतं का, मॅडम?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण त्या क्षणी मला कळलं की या आजारात ज्या माणसाची मला सगळ्यात जास्त गरज पडणार आहे, ते माणूस समोर बसलेलं आहे.

नवऱ्यानं एकट्यात विचारलं, "पोट ठेवायचं का?" हा प्रश्न तो विचारणार हे मला माहीत होतं आणि तो त्यानं विचारला याचं मला बरं वाटलं. मी त्याला जे माहीत आहे ते सगळं सांगितलं. आईचं इन्सुलिन वारेतून बाळाकडे जात नाही. ग्लुकोज जातं. आईची साखर थोडा वेळ पडली तर बाळ ते बऱ्यापैकी सोसतं. खरा धोका आईच्या मेंदूला, आणि ती बेशुद्धीत कुठे पडली-झडली तर दोघांना. जगभरात गरोदरपणातल्या इन्सुलिनोमाची जी थोडी उदाहरणं छापून आली आहेत त्यांत बहुतेक बाळं सुखरूप जन्मली. निर्णय तिचा होता. तिनं तो घेतला आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही.

गाठ शोधायला सीटी स्कॅन करायचा नव्हता, किरणोत्सर्गी तपासण्या तर नाहीतच. पहिली तिमाही संपताना कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय केला. जुन्या शस्त्रक्रियेच्या जागेला लागून ११ मिलिमीटरचा एक ठिपका होता. रेडिओलॉजिस्ट म्हणाले, तिचा इतिहास माहीत नसता तर मी तो जुना व्रण म्हणून सोडला असता.

मग आम्ही सगळे एकत्र बसलो: सर्जन, प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मी. दुसऱ्या तिमाहीत पोटाची शस्त्रक्रिया करता येते. इन्सुलिनोमासाठीही ती यशस्वीपणे झालेली आहे. पण हा ठिपका स्वादुपिंडाच्या मुख्य नळीला चिकटून, आणि आजूबाजूला जुन्या टाक्यांचे व्रण. नळीला धक्का लागला तर पाचक रस पोटात झिरपत राहतो, आणि ते संकट गरोदरपणात ओढवून घ्यायला सर्जन तयार नव्हते. डायझॉक्साइड हे औषध इन्सुलिन रोखतं. पण ते अंगात पाणी धरतं, बाळापर्यंत पोचतं, आणि गर्भाशयाचे स्नायू सैल करत असल्यानं कळांच्या वेळी अडचण होऊ शकते. ऑक्ट्रिओटाइडनं काही इन्सुलिनोमांत साखर उलट आणखी पडते, कारण ते साखर वर आणणाऱ्या ग्लुकॅगॉनलाही दाबतं. दोन्ही औषधं आम्ही नाकारली नाहीत, मागे ठेवली.

आणि एक गोष्ट आमच्या बाजूची होती. वार. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून वार अशी हार्मोन्स सोडायला लागते की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा असर कमी कमी होत जातो. शेवटच्या महिन्यांत तो साधारण निम्म्यावर येतो. ज्या कारणानं शेकडो बायकांना गरोदरपणातला मधुमेह होतो, त्याच कारणानं तिची साखर सावरणार होती. म्हणजे आम्हाला पाच-सहा आठवडे काढायचे होते. अन्नावर साखर राहिली तर शस्त्रक्रिया बाळंतपणानंतर. सोळाव्या आठवड्यापर्यंत नाहीच आवरली तर तेव्हा. असं ठरलं.

ते पाच-सहा आठवडे म्हणजे रात्री होत्या. सुरुवातीला उलट्या इतक्या की १० टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन चालू ठेवावं लागलं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. खूप उलट्या झालेल्या बाईला हा क्रम चुकवता येत नाही, नाहीतर मेंदूला इजा होते. पोटात अन्न ठरायला लागल्यावर आहारतज्ज्ञानं कागद आखला. दर अडीच-तीन तासांनी काहीतरी, आणि ते हळू पचणारं: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, दही, अंडं, भिजवलेले शेंगदाणे. नुसती साखर किंवा गूळ फक्त साखर पडली तरच, आणि त्यामागून लगेच भाकरीचा घास. झोपताना आणि रात्री अडीच वाजता गार दुधात कालवलेलं कच्चं कॉर्नफ्लोअर. ही युक्ती यकृतात साखर साठून राहण्याच्या एका आजारातल्या मुलांसाठी १९८४ पासून वापरात आहे. कच्चा स्टार्च आतड्यात तासन्‌तास थोडं थोडं ग्लुकोज सोडत राहतो. शिजवला तर ते काम करत नाही. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात पिवळं मक्याचं पीठ आणलं आणि त्याची खीर करून दिली. मग सासूबाईंना वॉर्डाच्या स्वयंपाकघरात नेऊन पांढरं कॉर्नफ्लोअर दाखवलं, मोजून दिलं, गार दुधात कालवून दाखवलं. "हे तर आपण भज्यात घालतो," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून ते काम त्यांच्याकडे गेलं.

दंडावर साखरेचा सेन्सर बसवला होता. तो रात्रभराचा आलेख सकाळी दाखवत असे, झोपेतून उठवत मात्र नसे. आणि ती त्या कुशीवर झोपली की दंड दाबला जाऊन खोटीच कमी साखर नोंदवत असे. म्हणून मोबाइलचा गजर आणि बोटातून रक्त. नवरा साखर कारखान्यात कामाला. त्याची रात्रपाळी असली की गजर सासूबाईंच्या उशाशी. मी त्यांना दोघांना शिकवलं: ती शुद्धीत असेल तर साखरेचं पाणी, गिळत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, डाव्या कुशीवर करायचं, मांडीत ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन द्यायचं, १०८ ला फोन करायचा. इंजेक्शननं साखर चढते खरी, पण इन्सुलिनोमात त्यानंच गाठ आणखी इन्सुलिन सोडू शकते, म्हणून शुद्ध आली की खाणं हवंच. साठीच्या सासूबाईंनी ते इंजेक्शन आधी सलाईनच्या पाण्यावर, उशीत टोचून सराव केला. पुढे खरोखर वापरायची वेळ आली नाही. पण ते देता येतं या एका जाणिवेनं ते घर झोपू शकलं, असं तिच्या नवऱ्यानं मला सांगितलं.

पंधराव्या आठवड्यापासून आकडे वर सरकू लागले. पहाटेची साखर ५८, मग ६४, मग ७०च्या पुढे. विसाव्या आठवड्यात रात्रीचा अडीचचा गजर आम्ही बंद केला. गालांवर रंग आला. आणि इथून या कामाचा मला सर्वांत अवघड वाटलेला भाग सुरू झाला, कारण आता सगळ्यांना ती बरी झाली असं वाटायला लागलं.

माहेरी कुणी नवस बोललं होतं, तो फेडला गेला. गाठ विरघळली असं गावात झालं. हरतालिकेच्या आधी फोन आला: साखर नीट आहे तर निर्जळी उपास धरू का? मी नाही म्हणाले. थोड्या वेळानं सासूबाईंचा फोन, "तिचा उपास मी धरते, चालंल नव्हं?" त्यांच्या गोळ्यांवर त्यांनीही दिवसभर उपाशी राहणं धोक्याचं होतं, म्हणून त्यांनाही नाही म्हणावं लागलं. दोघींनी पूजा केली आणि दोघी जेवल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण दवाखान्यांतही तेच. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची, ही आपल्याकडची नेहमीची आणि फार उपयोगाची चाचणी आहे. तिच्या बाबतीत एवढ्या ग्लुकोजनंतर गाठ काय करील याचा भरवसा नव्हता, म्हणून ती करायची नाही असं आम्ही ठरवलं होतं. तरी एका ठिकाणी जेवणानंतरची १४८ साखर बघून कुणीतरी तिच्या कागदावर "गरोदरपणातला मधुमेह" असं लिहिलं आणि भात बंद करायला सांगितलं. सल्ला नेहमीच्या पेशंटसाठी बरोबरच होता. ज्यांनी लिहिलं त्यांना समोर फक्त एक आकडा दिसत होता. त्या दिवशी मी ठरवलं की मला माहीत असून भागणार नाही; तिच्या वाटेवर जो कुणी भेटेल त्याच्या हातात ते असलं पाहिजे.

आम्ही एक पानाचा कागद तयार केला, एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी. वर मोठ्या अक्षरात: हिला मधुमेह नाही. हिची साखर पडते. साखर कमी करणारं कुठलंही औषध देऊ नये. उपाशी ठेवू नये. खाली बाळंतपणाच्या दिवसाच्या सूचना. प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घालून एक प्रत फाइलच्या पहिल्या पानावर, एक सासरच्या फ्रीजवर, एक माहेरी, एक गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाल्यावर ती माहेरी जाणार होती. पहिलं बाळंतपण, त्यामुळे त्यात बदल करा असं मी सांगू शकत नव्हते आणि सांगायचंही नव्हतं. तेव्हा सासूबाई चार दिवस व्याह्यांकडे राहायला गेल्या, आणि ग्लुकोमीटर, कॉर्नफ्लोअर, इंजेक्शन सगळं तिच्या आईला शिकवून आल्या. ज्या घरानं त्यांच्यापासून आजार लपवला होता त्याच घरात.

तिला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "ही साखर उसनी मिळालीय. वार पडली की परत द्यायची आहे." कारण वारेची हार्मोन्स वार बाहेर आल्यावर काही तासांत रक्तातून नाहीशी होतात. गाठ जिथल्या तिथंच असते. छापून आलेल्या उदाहरणांतही एक तर पहिल्या तिमाहीत किंवा बाळंतपणानंतर लगेचच, याच दोन काळांत बहुतेक बायका बेशुद्ध सापडलेल्या आहेत. आणि नेमक्या त्याच वेळी लेबर रूममधला सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला असतो. रक्तस्राव आटोक्यात, बाळ रडलं, आई थकून झोपली. ती झोप कुणी मोडत नाही. थकव्याची झोप आणि साखर पडल्याची गुंगी बाहेरून सारखीच दिसते.

अडतिसाव्या आठवड्यात, जानेवारीत, तिला ठरवून दाखल केलं. दिवसा कळा सुरू कराव्यात, म्हणजे पूर्ण माणसं हजर असतील. कळांच्या वेळी उपाशी ठेवायचं नाही; पेज, दूध चालू, शिवाय सलाईनमधून जपून ग्लुकोज. जपून अशासाठी, की आईला फार ग्लुकोज गेलं तर बाळाचं स्वादुपिंड इन्सुलिन वाढवतं आणि जन्मल्यावर बाळाचीच साखर पडते. दर तासाला रक्त. दुपारी मुलगी झाली. त्या वेळी आईची साखर ९६.

वार पडल्याची वेळ सिस्टरनी फळ्यावर लिहिली. एरवी तिथं बाळाच्या जन्माची वेळ लिहितात. आज आम्ही वारेची मागितली होती, कारण आमचं घड्याळ तिथून सुरू होणार होतं. दोन तासांनी ८१. चार तासांनी ६७. वॉर्डात नातेवाईक, फोन, पेढे. ती बाळाला पाजून झोपली होती. सहाव्या तासाला सिस्टर रक्त घ्यायला गेल्या तेव्हा तिच्या आईनं हात धरला, "आत्ताच डोळा लागलाय." सिस्टरनी भिंतीवर लावलेल्या त्याच सूचनांच्या कागदाकडे बोट दाखवलं आणि बोट टोचलं. ४४. ती हाक मारल्यावर डोळे उघडत होती, पण बाळाचं काय झालं हे तिला सांगता येत नव्हतं. सलाईन लावलेलंच होतं, सुई शिरेत होती. २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, मग १० टक्क्यांचं चालू केलं. पाच-सात मिनिटांत तिनं बाळ मागितलं.

ती सिस्टर तेव्हा नवीन होती, नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता. झोपलेल्या बाळंतिणीला उठवायला, तेही तिच्या आईनं हात धरलेला असताना, हिंमत लागते. मी तिला तसं सांगितलं.

बाळाची साखर पहिले दोन दिवस तपासली, ठीक राहिली. आईला मात्र चार दिवस सलाईन सोडता आलं नाही. पाजण्यातही ग्लुकोज खर्च होतं. कॉर्नफ्लोअर परत आलं, अडीचचा गजर परत आला. आता त्या वेळी बाळही उठत असे, त्यामुळे तो तितका जड वाटला नाही असं ती म्हणाली. बाळंतिणीच्या पथ्यातला डिंक, अळीव, तूप-भात सगळं चालू ठेवलं. फक्त दोन खाण्यांमधलं अंतर आम्ही ठरवलं.

सात आठवड्यांनी सीटी आणि एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी यांत गाठ स्पष्ट दिसली, १३ मिलिमीटर. या वेळी नुसती सोलून काढणं शक्य नव्हतं. सर्जननी स्वादुपिंडाचा शेपटीकडचा भाग गाठीसकट काढला, प्लीहा वाचवली. ऑपरेशन थिएटरमध्ये दर पंधरा मिनिटांनी साखर मोजत होतो. गाठ बाहेर आल्यावर आकडा चढायला लागला आणि १६० वर गेला. एरवी या आकड्यासाठी मी लोकांना रागावते. त्या दिवशी भूलतज्ज्ञांनी तो मोठ्यानं वाचला तेव्हा सर्जन क्षणभर हात थांबवून मॉनिटरकडे बघत राहिले. पुढचे काही दिवस साखर थोडी जास्तच राहिली, मग स्थिरावली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट इन्सुलिनोमाचाच आला. कर्करोगाची चिन्हं नव्हती. पहिल्या वेळची एखादी बारीक पेशींची जुडी मागे राहिली होती की नवीनच गाठ उगवली, हे त्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. मेन-१ साठी जनुकाची तपासणी करून घेतली. ती निगेटिव्ह आली, म्हणजे मुलीसाठी काळजीचं कारण फारसं उरलं नाही. घरात सगळ्यांत आनंद याच कागदाचा झाला.

लेबर रूममध्ये तेव्हापासून एक बदल राहिला. ज्या बायकांच्या साखरेचा काही प्रश्न आहे, मग ती वाढणारी असो की पडणारी, त्यांच्या कागदावर वार पडल्याची वेळ ठळक लिहिली जाते. इन्सुलिनवर असलेल्या मधुमेही बायकांनाही याचा उपयोग होतो. वार गेल्यावर त्यांची इन्सुलिनची गरजही अशीच झपाट्यानं उतरते, आणि आदल्या दिवशीचाच डोस चालू राहिला तर त्यांचीही साखर पडते.

मुलगी दीड वर्षाची झाल्यावर ती आणि सासूबाई तपासणीला आल्या. रिपोर्ट चांगले होते. उठता उठता सासूबाईंनीच विचारलं, "दुसऱ्याचं बघावं का, मॅडम?" तिनं मान खाली घातली, पण प्रश्न तिचाही होता.

मी त्यांना सांगितलं की हरकत नाही, पण आधी एकदा इथं येऊन उपाशीपोटीची साखर, इन्सुलिन, सी-पेप्टाइड बघू आणि एक एमआरआय करू. पाळी चुकली की डॉक्टरकडे जायच्या आधी घरी पहाटेची साखर मोजायला लागायचं, उलट्या होवोत न होवोत. स्वादुपिंडाचा बराच भाग आता नाही, त्यामुळे पुढच्या वेळी खरोखरचा मधुमेहही होऊ शकतो. म्हणजे साखर दोन्ही बाजूंनी बघायची. बाळंतपण याच किंवा असल्याच मोठ्या दवाखान्यात. सासूबाईंनी पर्समधून छोटी वही काढली आणि मी सांगत गेले तसं सुनेला लिहायला लावलं. मग विचारलं, "आन् गजर? तो पहिल्या दिवसापास्नं लावायचा का कसं?"

पहिल्या दिवसापासून, असं मी म्हणाले.